दोन कुलपांची खोली

आमच्या गौलीगुड्याच्या घरात दोन सरकारं एका पंगतीला जेवायची. थोरला दादा बलदियात होता. बलदिया म्हणजे नगरपालिका. हैदराबादची जुनी माणसं अजून तिला याच नावानं ओळखतात. दुसरा भाऊ अण्णा सचिवालयात, आणि तोही नेमका त्या खात्यात, जिथं बलदियाचे ठराव कायद्यात बसतात की नाही हे तपासलं जायचं. थोडक्यात काय, दादाच्या कचेरीनं करायचं आणि अण्णाच्या कचेरीनं त्यावर काट मारायची. सख्खे भाऊ, पण रस्ता कुणाचा आणि गटार कुणाचं हा विषय निघाला की दोघांचे आवाज अफजलगंजच्या पुलापर्यंत ऐकू जायचे.

आईवडील गेल्यावर घर दोघी वहिनींच्या हातात होतं. मोठ्या वहिनी दादाची बायको, धाकट्या वहिनी अण्णाची. मी या सगळ्यांत शेंडेफळ, कॉलेजात जाणारी, जिभेला हाड नसलेली. दोघी जावांनी घराला एक नियम घालून दिला होता: जेवताना कचेरी नाही. जो कचेरीचं बोलेल त्यानं रविवारी तूरडाळ निवडायची. बेगम बाजारातून पोत्यानं आणलेली ती डाळ, तिच्यात डाळ किती आणि खडे किती असा प्रश्न पडावा! दादानं त्या काळात किती डाळ निवडली म्हणून सांगू. अण्णा मात्र क्वचित सापडायचा. तो मुळात कमी बोलायचा, आणि कायद्याबाहेर तर श्वाससुद्धा घ्यायचा नाही. मी त्याला ‘सरकार’ म्हणायची. “सरकार, ताक वाढू का?” म्हटलं की चष्म्यावरून माझ्याकडे बघायचा आणि मुकाट्यानं वाटी पुढं करायचा.

आता धाकट्या वहिनींचं सांगते, कारण ही सगळी हकीकत त्यांचीच आहे. त्या परभणीकडच्या, शाळामास्तरांची मुलगी. मराठी वाचायच्या तर असं की दळण थांबवून ऐकत बसावं. आमच्या हैदराबादी मराठी घरांची तेव्हा एक गंमतच होती. पुरुष सगळे उर्दूत शिकलेले. शाळा उर्दू, अर्ज उर्दू, मिसल म्हणजे कचेरीची फाइल तीही उर्दू, मग हळूहळू इंग्रजी आलं. बायका बोलायच्या मराठी, पण बहुतेकींना अक्षरओळख नाही. म्हणजे लिहिता येणाऱ्यांना मराठी लिहिता यायचं नाही, आणि मराठीत जगणारीला लिहिताच यायचं नाही. आमचा अण्णासुद्धा सासरी गेलेल्या थोरल्या बहिणीला दोन ओळी खुशालीच्या कळवायच्या तर वहिनींना सांगायचा आणि त्या लिहायच्या.

शेजारी म्हशी पाळणारी एक गौळणबाई होती. आवाज असा की म्हैस मलकपेठेत असली तरी हाकेला यावी. तिची लेक लातूरकडे दिलेली. लेकीची चिठ्ठी आली की पोस्टमन ती गल्लीच्या मध्यात उभा राहून वाचून दाखवायचा, आणि लेकीच्या सासूनं काय म्हटलं, पोटात कुठं दुखतं, सगळं सगळ्या गल्लीला कळायचं. एके दिवशी ती वहिनींपुढं येऊन बसली आणि म्हणाली, “बाई, मला वाचायला शिकवा. माझ्या लेकीचं दुखणं मला एकटीला कळू दे.” तिच्या मागून धोबीण आली, शिंप्याच्या दोघी सुना आल्या, आणखी दोघीचौघी आल्या. झाला वर्ग सुरू.

पाटी कुणी घेईना. बाईच्या हातात पाटी दिसली की गल्ली हसणार, घरचे पुरुष तर दात काढून हसणार. वहिनी म्हणाल्या, “नक्को तर नक्को. रांगोळी आणा. रांगोळीला कोण हसतंय?” आणि खरंच, कुणी हसलं नाही. बायका ओसरीवर बसून रांगोळी काढतायत यात काय ते हसण्यासारखं! चिमटीतून क, ख, ग उतरू लागले. वहिनींनी वर्गाचा एकच दंडक केला: ज्यानं लिहिलं त्यानंच उठताना झाडायचं. चुकलेलं मागं राहिलं की लाज वाटते आणि चांगलं आलेलं राहिलं की मिरवावंसं वाटतं, म्हणून दोन्ही झाडून टाकायचं. वर्ग संपला की कोपऱ्यातली केरसुणी हातोहात फिरायची.

अडचण एकच, जमिनीची. आमची ओसरी शेणानं सारवलेली. त्यावर रांगोळी बसेना, अक्षराचा पाय मोडायचा, पावसाळ्यात तर सगळं ओलं. आणि गल्लीच्या तोंडाशी, मुसी नदीच्या अंगाला, एक खोली रिकामी पडलेली. निजामाच्या काळी जकातीला आमच्याकडे करोडगिरी म्हणत. त्या करोडगिरीची ती चौकी. जकात उठली, शिपाई गेले, आणि खोलीत कुणाची तरी बकरी राहू लागली. बाहेर दगडी पायऱ्या, आत काळी गुळगुळीत शहाबादी फरशी. वहिनी बाजारातून येताना त्या दारात थांबायच्या आणि फरशीकडे बघत राहायच्या. इतर बायका सराफाच्या दुकानापुढं थांबतात तशा! मला म्हणाल्या, “या काळ्यावर पांढरं काय उठेल हो, वन्सं.” दागिना नको, लुगडं नको; त्यांना ती फरशी हवी होती, दुसरं काही नाही.

दादानं मनावर घेतलं. आमच्या वॉर्डाच्या मेंबरला पटवलं, आणि बलदियाच्या सभेत ठराव झाला की ती खोली बायकांच्या वर्गाला द्यावी. दादा पेढे घेऊन घरी आला. वहिनींनी बायका जमवल्या, नारळाच्या शेंडीनं फरशी घासली, बकरीला निरोप दिला. पहिल्या दिवशी गौळणबाईनं काळ्या फरशीवर लेकीचं नाव काढलं. ते असं लख्ख उठलं की ती स्वतःच मागं सरकली आणि “अब्बो!” म्हणून तोंडाला पदर लावून बसली. मी वहिनींकडे बघितलं. त्या आमच्या घरात आल्यापासून मला एवढ्या खूश कधी दिसल्या नव्हत्या.

हा आनंद महिनाभरसुद्धा टिकला नाही. दादा एका संध्याकाळी कचेरीतून आला तो पाय आपटतच. पंगत बसली. त्यानं पहिला घास घेतला नाही.

“मिसल तुझ्याच टेबलावरून गेली ना?” त्यानं अण्णाला विचारलं.

“जेवताना कचेरी नाही,” अण्णा म्हणाला.

“चुलीत घाल तुझी कचेरी! बलदियाचा ठराव रद्द झालाय. खोली परत द्या म्हणून हुकूम आलाय.”

धाकट्या वहिनी वाढत होत्या. हातातली पळी तशीच धरून त्यांनी नवऱ्याला विचारलं, “खोली कुणाची हो?”

“सरकारची. करोडगिरी सरकारचं खातं होतं. खातं उठलं की इमारत सरकारकडे जाते, बलदियाकडे नाही.”

“मग बलदियानं दिली कशी?”

“तेच मी लिहिलं. जे आपलं नाही ते देता येत नाही.”

“वर्ग माझा आहे, हे लिहिताना माहीत होतं?”

अण्णानं मान खाली घातली. “होतं.”

दादा उसळला, जमीन बलदियाची, झाडलोट बलदियाची, दिवा बलदियाचा आणि खोली तेवढी सरकारची, हा कुठला न्याय म्हणून. अण्णानं कलमं सांगायला सुरुवात केली. धाकट्या वहिनींनी शांतपणे दोघांच्या पानात भात वाढला. मग नवऱ्याला म्हणाल्या, “खोटं लिहिलं असतंत तर मी माहेरी गेले असते. खरं लिहिलंत, म्हणून इथंच राहते. पण सुखानं जेवू देईन असं समजू नका.” आणि दोघांकडे बघून पुढं म्हणाल्या, “रविवारी डाळ दोघांनी निवडायची.”

दोघांनी निवडली. एका सुपाच्या दोन बाजूंना बसून, एकमेकांशी चकार शब्द न बोलता. मला अण्णाचा असा राग आला होता की मी त्याला आठवडाभर ‘सरकार’सुद्धा म्हटलं नाही. बायकोपेक्षा कलम मोठं! आज माझं वय झाल्यावर मला त्याचं कौतुक वाटतं, पण तेव्हा वाटत होतं की याच्या पोटात काळीज आहे की शिक्का आहे.

हुकमाप्रमाणे सरकारचा माणूस आला आणि खोलीला कुलूप लावून गेला. दुसऱ्या दिवशी बलदियाचा जमादार आला आणि त्यानं त्याच कडीत दुसरं कुलूप अडकवलं. जमीन आमची, तर कुलूपही आमचं! झालं, एका दाराला दोन कुलपं. सरकारनं उघडलं तर बलदियाचं आड, बलदियानं उघडलं तर सरकारचं आड. गळकं छप्पर शाकारायला मात्र दोघांपैकी कुणी येईना. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते काही खोटं नाही. गौळणबाई म्हशींना पाण्यावर नेताना दाराकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, “एका म्हशीला दोन दावी बांधली क्या की, आता दूध कोण काढणार?”

वहिनींनी हट्ट सोडला नाही. त्या वर्ग घरी आणेनात. दाराबाहेरच्या दगडी पायऱ्यांवर बायका बसू लागल्या. पायरीवर अक्षर मावायचं, शब्द मावायचा नाही. ‘लातूर’ लिहायचं तर ‘ला’ एका पायरीवर आणि ‘तूर’ खालच्या पायरीवर. वाऱ्यानं रांगोळी उडायची, सायकलवाले घंटी वाजवत जायचे. तरी वर्ग रोज भरायचा.

त्याच दिवसांत राज्य मोडायचं ठरलं. भाषेप्रमाणे तुकडे होणार, मराठवाडा मुंबईकडे जाणार, आमचं हैदराबाद आंध्राकडे. सगळ्या शहरात एकच बोलणं: कोण राहणार, कोण जाणार. बलदियातल्या माणसांना धोका नव्हता. शहर जिथं, तिथं बलदिया. सरकारी माणसांची मात्र वाटणी होणार होती, आणि मराठी माणसं मराठी मुलखाकडे जाणार हे उघड होतं. अण्णाच्या कचेरीत सामान बांधायला सुरुवात झाली. कपाटं इकडून तिकडे, वस्तू गहाळ होऊ लागल्या. म्हणून खोलीची सरकारी किल्ली अण्णानं जपायला घरी आणली आणि ओसरीतल्या खुंटीवर लावली. शेजारच्या खुंटीवर दादाच्या कोटाखाली बलदियाची किल्ली लटकतच होती.

मोठ्या वहिनींनी दोन्ही खुंट्यांकडे बघितलं आणि जावेला कोपरानं ढोसलं. “दोन्ही किल्ल्या घरात आहेत बाई. हे दोघे कचेरीत गेले की तासभर वर्ग घे, परत लावून टाक. कोण बघतंय?”

माझी तर तयारीच होती. मी चपला घालायला उठलेसुद्धा.

धाकट्या वहिनी म्हणाल्या, “चोरूनच शिकवायचं असतं तर माजघरात कोळशानं शिकवलं असतं. इतक्या वर्षांनी या बायका उघड्यावर बसून लिहितायत. त्यांना मी परत दाराआड चोरासारखं बसवू?”

मी चपला काढून ठेवल्या.

मग अण्णाचा हुकूम आला. मुंबई. मोठ्या वहिनींनी त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा घातलं आणि दादानं ती मुकाट्यानं भुरकली. दिवसभर भांडणारा भाऊ जाणार म्हटल्यावर त्याचा चेहरा असा उतरला की बघवेना. जेवण झाल्यावर अण्णा खाकरला. “तिथं मराठीतून लिहावं लागेल म्हणतात. परीक्षाही घेणार. मला वाचता येतं कसंबसं. लिहिता येत नाही.”

आमच्या सरकारला काही येत नाही, हे मी त्याच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला हसू आवरेना, मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

त्यानं बायकोकडे बघितलं. “तू शिकव. रात्री, जेवणं झाल्यावर.”

“घरी नाही शिकवत मी,” वहिनी म्हणाल्या. “माझा वर्ग पायरीवर भरतो. यायचं तर तिथं या.”

आता बोला! नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथं तर सरकारचं नाक दाबलं होतं. दोन दिवस अण्णा घुम्यासारखा वावरला. तिसऱ्या दिवशी तो आला. कचेरीची शेरवानी तशीच अंगावर, टोपी काढून हातात धरलेली. बायका गडबडल्या, पदर सावरू लागल्या, धोबीण तर उठून जायलाच निघाली. गौळणबाई मात्र सरकून म्हणाली, “बसा साहेब, बसा. पहिल्या दिवशी सगळ्यांचीच चिमूट सुटते.”

आणि सुटलीच! रोज शेकडो सह्या करणारा तो हात, पण चिमटीतून रांगोळी सोडायचं त्याला जमेना. ‘क’ काढायला गेला तर पायरीवर मूठभर पांढरा ढीग पडला. बायका खालमानेनं खुदखुदल्या. सचिवालयाच्या बाजूनं येणारे ओळखीचे लोक थबकून बघत होते. अण्णा घामानं डबडबला, पण उठला नाही. वर्ग संपल्यावर वहिनींनी केरसुणी पुढं केली आणि त्यानं स्वतः लिहिलेलं स्वतः झाडलं. मी माझ्या भावाला केरसुणी धरताना पहिल्यांदा बघत होते. माझा सगळा राग तिथल्या तिथं गेला.

अण्णा रोज येऊ लागला. त्याची अक्षरं मोठी, खडबडीत, उजवीकडून डावीकडे झुकणारी, उर्दूची सवय. पण माणूस जिद्दीचा. आणि तो रोज त्या पायरीवर बसत होता, जिथं वरच्या दाराला त्याच्याच हुकमानं पडलेलं कुलूप होतं. पावसाची बुरबुर आली की बायका डोक्यावर पदर घेऊन बसून राहायच्या, ओली रांगोळी बोटाला चिकटायची, आणि तो त्या सगळ्यांकडे एकदा आणि दाराकडे एकदा बघायचा. त्याला काहीतरी बोलायचंय हे मला दिसत होतं. पण सरकारी माणूस बलदियाला तिचं काम कसं करावं हे शिकवणार नाही, आणि दादा त्याच्या तोंडून ऐकून घेणार नाही. दोघेही हट्टाला पेटलेले.

एके दिवशी वहिनींनी सांगितलं, “आज ज्यानं त्यानं आपल्या मनातलं लिहायचं. माझं सांगितलेलं नाही.” धोबिणीनं नवऱ्याचं नाव लिहिलं आणि लाजली. गौळणबाईनं ‘म्हैस गाभण आहे’ असं लिहिलं, चार पायऱ्या भरून. अण्णानं खूप वेळ चिमूट धरून ठेवली. मग सगळ्यांत खालच्या रुंद पायरीवर, हळूहळू, दोन शब्द काढले: खोली मागा.

नेमका दादा त्याच वेळी कचेरीतून परत येत होता. पायरीशी आल्यावर थांबला. वाचलं. अण्णाकडे बघितलं. अण्णा म्हणाला, “मी अभ्यास करतोय.”

मला क्षणभर कळलं नाही, मग लख्ख कळलं. कायद्यात वाट होती! बलदियानं खोली परस्पर ‘दिली’ होती, म्हणून ठराव रद्द झाला. तिनं सरकारकडे रीतसर मागितली असती तर सरकार देऊ शकत होतं. पण आपल्या जमिनीवरची खोली आपण का मागायची म्हणून बलदिया मागेना, आणि न मागता कसं द्यायचं म्हणून सरकार देईना. हे दोघं भाऊ सगळं जाणत होते आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले होते. कायद्याचे एवढे किडे, आणि अडलं कुठं, तर मागण्यात!

“बलदिया भीक मागत नाही,” दादा गुरगुरला.

माझं डोकं फिरलं. मी भर रस्त्यात म्हणाले, “दादा, तू रोज जेवताना मोठ्या वहिनींकडे ताक मागतोस, ती भीक असते का रे? घरचा मालक तूच ना? मग ओतून का घेत नाहीस?”

गौळणबाई मोठ्यानं हसली. दादा लाल झाला आणि चालू लागला. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन त्यानं मेंबरला गाठलं. पुढच्या सभेत बलदियानं नवा ठराव केला, आणि त्यात पहिल्यांदा ‘द्यावी’ऐवजी ‘मिळावी’ आलं. ती मिसल अण्णाच्या टेबलावर आली तेव्हा त्याचं टेबल अर्धं बांधून झालं होतं. ‘द्यायला हरकत नाही’ हे त्या कचेरीतलं त्याचं जवळजवळ शेवटचं लिहिणं. वरून मंजुरी आली, आणि दोघे भाऊ आपापल्या किल्ल्या घेऊन दारात उभे राहिले. आता आधी कुलूप कुणी उघडायचं? पुन्हा तोंडं सुरू. धाकट्या वहिनींनी दोघांच्या हातातल्या किल्ल्या काढून घेतल्या आणि दोन्ही कुलपं स्वतः उघडली. काळी फरशी धुळीनं राखाडी झाली होती. त्या दिवशी लिहिलं कुणीच नाही, सगळ्यांनी मिळून फरशी धुतली, आणि पाणी ओढायला दादासुद्धा होता.

अण्णा मुंबईला जायचा दिवस जवळ आला. ट्रंका भरल्या. वहिनींचं काही भरेना. मोठ्या वहिनींनी विचारलं तर म्हणाल्या, “मी आत्ता नाही जाणार. फरशी मिळाल्याला चार दिवस झाले नाहीत. यांची मराठीची परीक्षा होऊ दे, पास झाले की बघू.” त्या काळी हे असं बोलायचं म्हणजे! नातेवाइकांत कुजबुज झाली, बायको सोडली की काय इथपर्यंत. अण्णानं आपल्या ट्रंका उचलल्या. एकटा गेला, खानावळीत जेवला. त्याची पत्रं मराठीत येऊ लागली. वहिनी ती पुन्हा पुन्हा वाचायच्या, लाल पेन्सिलीनं चुका दुरुस्त करायच्या आणि त्याच पाकिटातून स्वतःच्या पत्राबरोबर परत पाठवायच्या. नव्या पत्रात त्या चुका नसायच्या. लांब राहून दोघांचं एवढं बोलणं झालं, जेवढं एका घरात राहून झालं नव्हतं, असं त्याच मला एकदा म्हणाल्या.

संक्रांतीच्या सुमाराला तो आला. पास झाल्याचं आधीच कळवलं होतं. आम्ही घरी गुळाच्या पोळ्या करून वाट बघत होतो, तर धोबीण पळत सांगायला आली की साहेब स्टेशनवरून थेट खोलीवर गेलेत. मी आणि मोठ्या वहिनी पोळपाट तसंच टाकून धावलो.

वर्ग भरलेला होता. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मध्ये फरशीवर शेरवानी सावरून अण्णा उकिडवा बसला होता, हातात रांगोळीचा डबा. वहिनी समोर उभ्या. या माणसानं लग्न झाल्यापासून घरात जे काही सांगितलं ते ‘चल’, ‘ये’, ‘आण’ असंच सांगितलेलं. आज त्याची चिमूट सुटत नव्हती, ओळ सरळ होती. लिहून झाल्यावर तो मागं सरकला.

वहिनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. तेव्हा गौळणबाई पुढं झाली, बोट ठेवत ठेवत सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं वाचलं, “ये, शी, ल, का.” आणि आपण काय वाचलं हे कळल्यावर तिनं जीभ चावली. “मेले मी! पोस्टमनच झाले की!”

खोली हसण्यानं भरून गेली. वहिनीही हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला, आणि पदराआडूनच म्हणाल्या, “हौ. येते.” रांगोळीचा दुसरा डबा त्यांच्या हातात होता, तो त्यांनी गौळणबाईच्या मांडीवर ठेवला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. पुढं किती वर्षं त्या खोलीत वर्ग तीच घेत होती, आणि मी तिच्या हाताखाली.

अण्णा दंडकाप्रमाणे उठला आणि कोपऱ्यातली केरसुणी घेऊन आपल्या ओळीजवळ आला. वहिनींनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“राहू द्या,” म्हणाल्या. “आजच्या दिवस राहू द्या.”